पी.पी. पाटील कोण?

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, पाण्याचा दिवस (म्हणजे हे पत्र तुकड्यातुकड्यांनी होणार)

तीर्थरूप मनकर्णा आत्या यांना संध्याचा राम राम. (आपली अदलाबदल जुनीच आहे. मी राम राम म्हणायचं आणि तुम्ही दारातूनच "जय भीम घे गं" म्हणायचं. नाशकात तुम्हांला तसं म्हणायला कुणी मिळालंय की नाही ठाऊक नाही, म्हणून उत्तरात दोनदा म्हणा.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? की आता उजवा? शुगर तपासता का, आणि तपासलेली आकाशला खरी सांगता का? इकडे सगळं ठीक आहे. माझी हर्सूलच्या पुढची शाळा सुरू झाली. मेघाच्या पप्पांना कंपनीत दिवसपाळी मिळाली. तुमच्या कुंपणावरची जाई आमच्या बाजूला वाढली आहे. फुलं आम्ही घेतो, कचरा तुमच्या अंगणात पडतो, तेव्हा हिशेब तुमच्या काळी होता त्याच्या बरोबर उलटा झाला आहे.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना हिनं पत्र का लिहिलं. कारण असं, की फोनवर हल्ली तुम्ही फार हळू बोलता. ज्या बाईचा आवाज आपल्या गल्लीतून गजानन महाराज मंदिराच्या रस्त्यापर्यंत जायचा, ती "थांब गं, सूनबाईची मीटिंग चालू हाय" असं कानात पुटपुटते, तेव्हा मला माझा फोनच बिघडल्यासारखा वाटतो. मागे एकदा त्यापायी मी फोन दुरुस्तीला टाकलाही होता. दुकानदारानं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, मॅडम, फोन चांगला आहे, समोरचं माणूस बघा. (सूनबाईंबद्दल माझी तक्रार नाही. घरून काम करणाऱ्या माणसाला शांतता लागतेच. पण आकाशच्या नवव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तुमचा आवाज ठेवतात तरी कुठे, हा विचार मनात येतो.)

आधी बातमी सांगते. मेघाचा नंबर लागला. कोलकात्याला, ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या एका संस्थेत. म्हणजे सिनेमातले आवाज धरायचे, जुळवायचे, नसतील तर तयार करायचे, त्याचं शिक्षण. सगळ्या देशातून मोजकी पोरं घेतात आणि त्यांत आपली मेघा आहे, एवढं मी शांतपणे लिहिते आहे, हे माझ्या अक्षरावरून कळणार नाही, पण वरच्या ओळीत दोनदा शाई फुटली आहे ती बघा. पोळा झाला की ती जाणार. पण ही बातमी सध्या कुणाला बोलू नका. विशेषतः आपल्या मुक्ताबाईंना फोन करू नका. का ते शेवटी सांगते. त्याआधी मेघाचं एक काम पुरं व्हायचं आहे, ते अडलं आहे, आणि आत्या, ते तुमच्यामुळे अडलं आहे.

तर सुरुवातीपासून. बारावीची परीक्षा झाली आणि आपल्या गल्लीतल्या तीन पोरांना काही उद्योग उरला नाही. एक मेघा. दुसरा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांचा सार्थक, ज्याला तुम्ही लहानपणी पेरूच्या झाडावरून उतरवायचात. आता तो सहा फूट झाला आहे आणि झाडावरून पेरूच खाली वाकून त्याला देतं. तिसरी मोनिका, मुक्ताबाईंची नात, जी आरशासमोरून हलत नाही. या तिघांनी ठरवलं, मालिका काढायची. विनोदी मालिका, मागून हसण्याचे आवाज येतात तशी. भाग छोटे, मोबाईलवर चित्रित करायचे, इंटरनेटवर टाकायचे. सार्थक लिहिणार आणि सांगणार, मोनिका अभिनय करणार, मेघा आवाज बघणार. विषय काय, तर आपल्याच गल्लीतले तीन मित्र, शाळा संपलेली, अजून मोठे न झालेले, एकेक करून गाव सोडणार असलेले. इथपर्यंत मला फार आवडलं. मग सार्थक म्हणाला, "काकू, पण आजचं नाय दाखवायचं. रेट्रो पाहिजे. सत्त्याण्णव साल."

आत्या, सत्त्याण्णव साली मी त्यांच्याच वयाची होते. मला ते साल अजून परवाच्या मंगळवारसारखं वाटतं. आणि ही पोरं त्याला रेट्रो म्हणतात, ज्या स्वरात आपण वेरूळच्या लेण्यांबद्दल बोलतो. मला त्यांनी सल्लागार नेमलं. (पोरांनी आपल्याला काही विचारावं याचा मला एवढा अभिमान वाटला की पहिले दोन दिवस मी शाळेतून लवकर घरी आले.) मग प्रश्न सुरू झाले. काकू, तेव्हा वीज होती का? काकू, रंगीत कपडे मिळायचे का? मम्मी, तुम्हांला एकमेकींचा पत्ता कसा लागायचा, म्हणजे कोण कुठं आहे ते? मी म्हटलं, आम्ही सगळ्या इथंच असायचो गं. चित्रीकरणासाठी त्यांनी अण्णांपासूनचं आमचं घर निवडलं, कारण त्यांच्या मते त्यात काहीच बदलावं लागत नाही. तोच सोफा, तेच काचेचं कपाट, त्यात तोच चिनीमातीचा हत्ती. मी हे कौतुक समजून चहा केला. मेघाच्या पप्पांनी त्या रात्री जेवताना नवीन सोफ्याचा विषय काढला.

आता घोटाळा ऐका. आमच्या पाण्याच्या हौदावर जो पत्रा झाकण म्हणून आहे, तो माझ्या अण्णांच्या टायपिंग क्लासची पाटी आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. तीवर अजून वाचता येतं, नालंदा टायपिंग इन्स्टिट्यूट, पुंडलिकनगर, औरंगाबाद, फोन नंबर, आणि पुढे कंसात पी.पी. सार्थकनं सत्त्याण्णव सालचा पुरावा म्हणून तिचा फोटो काढला. मग त्याला त्यांच्याच गिरणीच्या भिंतीवर, चुन्याच्या तीन थरांखालून, तोच नंबर आणि तोच कंस दिसला. मग माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर. मग चौकातल्या जुन्या डॉक्टरांच्या उतरवून ठेवलेल्या बोर्डावर. पोरांनी डोकं लावलं. टायपिंगवाला, गिरणीवाला, नवरीचा बाप आणि डॉक्टर, सगळ्यांचा नंबर एक, आणि प्रत्येक ठिकाणी पी.पी. म्हणजे या गल्लीत पी.पी. नावाचा कुणी जबरदस्त माणूस होता, ज्याच्या परवानगीशिवाय कुणाशी बोलता येत नव्हतं.

अशा रीतीनं पी.पी. पाटील जन्माला आले. (पाटील का, तर सार्थक म्हणाला की एवढा दरारा म्हटल्यावर पाटीलच असणार. पहिल्या पी.चं त्यांनी प्रल्हाद केलं, दुसऱ्याचं काही सापडेना, तर पुन्हा प्रल्हाद केलं.) सार्थक स्वतःच पी.पी. झाला. काळा चष्मा, पांढरा सदरा, ओट्यावर खुर्ची, पुढ्यात फोन. कुणाचं लग्न जुळवायचं, पी.पी. कुणाची गाडी पोचली का, पी.पी. डॉक्टर पाहिजे, पी.पी. मला यातलं काही माहीत नव्हतं. सल्लागाराला गोष्ट दाखवायची नसते म्हणे, तिला फक्त वीज होती का एवढंच विचारायचं असतं.

पहिले भाग तयार झाले तेव्हा आमच्या गच्चीवर चादर बांधून सगळ्या गल्लीला दाखवले. पी.पी. पाटील चष्मा काढून "हा नंबर माझा आहे, पुंडलिकनगर माझं आहे" असं म्हणाले, आणि चाळिशीच्या पुढचं एकेक माणूस हसून कोसळलं. मुक्ताबाई चटईवर आडव्या झाल्या. मेघाच्या पप्पांना उचकी लागली. मी डोळे पुसत होते आणि समोर तिन्ही पोरं अभिमानानं फुलली होती, कारण आपला विनोद एवढा चालेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. मेघानं तर घाईघाईनं माईक काढला आणि ते सगळं हसू धरून ठेवलं. मालिकेत मागून येणारं हसणं त्यांना हवंच होतं. आधी त्यांनी मुक्ताबाईंना एकट्या बसवून हसायला सांगितलं होतं, पण मुक्ताबाई कुणी पडलं तरच हसतात, त्यामुळे मेघाच्या पप्पांना पायरीवरून वरचेवर पडावं लागलं होतं. आता गच्चीभर खरं हसू मिळालं. आपण कशाला हसलो ते मात्र पोरांना कुणीच सांगेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शिक्षिका मी, वाईट बातमी मीच द्यायची.

दुसऱ्या दिवशी तिघांना समोर बसवलं आणि पी.पी. म्हणजे काय ते सांगितलं. की ज्याच्या घरी फोन नाही, त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचं. की आख्ख्या गल्लीत फोन एकच होता, काकासाहेब आजोबा टेलिफोन खात्यात होते म्हणून आलेला, आणि तो मनकर्णा आजींच्या पुढच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली असायचा. की त्याच्या तबकडीला एक लहानसं कुलूप होतं आणि किल्ली आजींच्या कमरेला. (इथं मोनिकानं विचारलं, "खरंखुरं कुलूप? म्हणजे पासवर्ड नाय?" मी म्हटलं, पासवर्ड आजी होत्या.) की फोन आला की आजी हातातलं काम टाकून गच्चीवर चढायच्या आणि नाव घेऊन हाक मारायच्या, आणि ज्याचं नाव असेल तो असेल तसा पळत सुटायचा. कुणी साबण लावलेला, कुणी अर्ध्या भाकरीवरून उठलेला. तेव्हा आपल्या गल्लीत डांबर नव्हतं, काळी माती होती. पळणाऱ्याची एक चप्पल हमखास चिखलात राहायची आणि फोनवर बोलताना एकच पाय थंड लागायचा. सासरी गेलेल्या पोरी, मुंबईला गेलेले भाऊ, दवाखान्यातली माणसं, सगळ्यांच्या बातम्या आधी आजींना कळायच्या. आजी त्या आमच्या हातात द्यायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या, म्हणजे आम्हांला रडता यावं.

सार्थकनं काळा चष्मा हळूच खिशात घातला. "म्हणजे काकू, आपला हिरो हा माणूसच नव्हता?"

मी काही बोलायच्या आत मेघा म्हणाली, "होता की. बाई होती."

आत्या, त्या क्षणी मला माझ्या पोरीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कोलकात्याच्या बातमीनंही वाटला नाही. मग तिनं विचारलं, पण ही दोन अक्षरं आली कुठून? मला काकासाहेब आठवले. मी त्यांना एकदा हेच विचारलं होतं, तर ते खात्यातल्या माणसाच्या ऐटीत म्हणाले होते, पर्टिक्युलर पर्सन. म्हणजे फोन कुणी का उचलेना, आम्हांला अमुकच माणूस हवा आहे. मेघानं ते दोनदा म्हणून पाहिलं. अमुकच माणूस. त्या दिवसापासून मालिकेचं नाव तेच झालं आणि पी.पी. पाटील पाचव्या भागात गावाला निघून गेले. गिरणीवाल्या घराण्यात त्याचं थोडं दुःख आहे, कारण सार्थकच्या आजोबांना पाटील झालेला नातू आवडला होता.

आता मोनिका तुम्ही झाली आहे. नऊवारी नाही, तुमची ती बारीक फुलांची पाचवारी, पदर खोचलेला, कमरेला किल्ली. मेघा झाली आहे मी. (माझे दोन वेण्यांचे फोटो बघून ती म्हणाली, मम्मी, तू एवढी घाबरलेली का दिसतेस? मी म्हटलं, तेव्हा फोटो वर्षातून एकदा निघायचा, जबाबदारी असायची.) आणि मेघाचे पप्पा झाले आहेत माझे अण्णा. माझ्या वडिलांचा सफारी त्यांना बरोबर बसला, तेव्हापासून घरात ते मला "संध्या, पाणी आण" असं अण्णांच्या आवाजात सांगतात. मी एकदा चुकून आणूनही दिलं.

फोन मिळवायला शहागंजला गेलो. घड्याळाच्या मनोऱ्यापासून आत, जुन्या सामानाच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या चाचांकडे तुमच्याच फोनचा जुळा भाऊ निघाला. काळा, जड, तबकडीचा. चाचा म्हणाले, "ले जाओ बेटा, अच्छा पीस है. बस बजता नै, बजाना पडता." मेघानं तबकडी फिरवली आणि बोट सोडलं. ती करकरत मागे आली, तसं आपल्या पोरीनं डोळे मिटले. पुन्हा फिरवली, पुन्हा मिटले. भर बाजारात, गाड्यांच्या भोंग्यांत, ती त्या करकरीजवळ कान नेऊन उभी होती. चाचांनी मला विचारलं, "बच्ची की तबीयत ठीक है ना?" मी म्हटलं, हौ चाचा, बिलकुल ठीक है. एखादं माणूस कशासाठी जन्माला आलंय ते असं बाजारात उभ्याउभ्या कळतं, हे मला माहीत नव्हतं. मी पिशवी सांभाळत बाजूला उभी राहिले आणि तिला पाहिजे तितक्या वेळा तबकडी फिरवू दिली.

शेवटच्या भागावर सगळं अडलं आहे. त्यात माझी खरी गोष्ट आहे, डी.एड.ची. तुम्हांला आठवत असेल, तरी लिहिते, कारण तुमच्या बाजूनं ती वेगळी दिसली असेल. अण्णा सकाळपासून तुमच्या फोनवरून नागपूरच्या काकांना फोन लावत होते आणि लागत नव्हता. तुम्ही वैतागून त्यांना घरी पाठवलं, नंबर लागला की हाक मारते म्हणून. मग दुपारी फोन वाजला, तो नांदेडहून मामांचा. डी.एड.ची यादी लागली होती आणि तीत माझं नाव होतं. तुम्ही मामांना ठेवा म्हणालात ना थांबा म्हणालात, तशाच गच्चीवर आलात आणि ओरडलात, "संध्येऽऽ, नंबर लागला गंऽऽ." मी आत भांडी घाशीत होते. माझ्याआधी अण्णा उठले. त्यांना वाटलं, नागपूरचा नंबर लागला. ते एका चपलेवर पळाले आणि नांदेडच्या मामांना नागपूरचे काका समजून घराच्या पायाबद्दल बराच वेळ बोलत राहिले. मामाही सभ्य माणूस, ऐकत राहिले. इकडे मुक्ताबाईंना बरोबर कळलं होतं. त्या माझ्या दारात येऊन पेढे मागत होत्या. गिरणी थांबली होती. डॉक्टर ओट्यावर आले होते. मी राखेचे हात घेऊन बाहेर आले तेव्हा आख्खी गल्ली माझ्याकडे बघून हसत होती, आणि आपल्या आयुष्यात काय झालंय हे त्या गल्लीत फक्त मला आणि फोनवरच्या अण्णांना ठाऊक नव्हतं. आत्या, मी त्यानंतर पुष्कळ चांगल्या बातम्या ऐकल्या. पण तेवढी मोठी एकही नव्हती, कारण ती मला एकटीला मिळाली नव्हती.

तर शेवटच्या भागात मोनिकानं गच्चीवरून ती हाक मारायची आहे. आणि मोनिकाला ओरडता येत नाही. सगळं येतं, पदर खोचता येतो, तुमच्यासारखं नाकावर बोट ठेवता येतं, हाक तेवढी येत नाही. तोंड उघडलं की बँकेतून फोन आल्यासारखा आवाज येतो. सार्थकचंही तेच. या पोरांना खरंच ओरडता येत नाही, आत्या. एकमेकांच्या फाटकापाशी उभे राहून ती "खाली ये" असं मोबाईलवर लिहितात. मग मुक्ताबाईंना चढवलं. त्यांची हाक भांडण काढल्यासारखी आली आणि समोरच्या घरातून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर आलं. मेघाचे पप्पा ओरडले तर गल्लीतली कुत्री धावून आली. शेवटी पोरं मला म्हणाली, काकू, तुम्ही ती हाक ऐकलेली आहे, तुम्हीच मारा.

मी चढले. मनात तुम्हांला आणलं, आवाज बसावा म्हणून आधी तुमची रोजची हाक घ्यायची ठरवली, छाती भरून घेतली आणि ओरडले, "संध्याऽऽ, आलाऽऽ." फोन आला असं म्हणायचं होतं, पण श्वास पुरला नाही आणि फोन आतच राहिला. आत्या, ज्या गल्लीत नळ येणं हा आठवड्याचा सण आहे, तिथं गच्चीवरून बाई "आला" म्हणाली तर माणसं काय समजणार? पहिली मोटर गिरणीवाल्यांची सुरू झाली. मग डॉक्टरांची. मग ओळीनं सगळ्यांच्या. बायका हंडे घेऊन बाहेर, पोरं पाइप घेऊन बाहेर, कोरड्या नळांतून नुसती हवा ओढल्याचा आवाज, आणि मेघा मध्ये उभी राहून मोठ्या आनंदानं तेच रेकॉर्ड करते आहे. एका मोटरचं वाइंडिंग जळालं. ती आमचीच होती, म्हणून वेळ निभावली. सगळ्यांनी वर पाहिलं. मुक्ताबाई म्हणाल्या, "संध्या, मनकर्णाबाईची हाक होती तेव्हा अशी फसगत कधीच नाय झाली. पाणी म्हंजे पाणी, फोन म्हंजे फोन." मी मान खाली घालून जिन्यानं उतरले.

म्हणून लिहिते आहे. तुम्ही ती हाक मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवाल का? सूनबाई बाहेर गेल्या असताना, आकाशला सांगून, इमारतीच्या गच्चीवर जाऊन एकदाच. नाव माझंच घ्यायचं आहे. मेघाला त्यावर पुढचं सगळं उभं करायचं आहे, चपलेचा आवाज, चिखल, गिरणी थांबल्याचा आवाज. (थांबलेल्या गिरणीला आवाज असतो असं ती म्हणते. मी आता तिच्याशी वाद घालत नाही.) ती गेल्यावर सार्थक पुण्याला जाईल, मोनिका लातूरला नर्सिंगला. हा भाग झाला नाही तर मालिका अर्धीच राहील, आणि अर्धी राहिलेली गोष्ट पोरांनी घेऊन गाव सोडावं, हे मला बरं वाटत नाही.

प्रकृतीला जपा. आकाशला आशीर्वाद, सूनबाईंना सांगा की मी पत्र मुद्दाम लिहिलं, आवाज होऊ नये म्हणून. पाणी आलं आहे, हंडे लावायला उठते.

तुमचीच,
संध्या

ता.क. पाणी भरून परत बसले. मेघानं पत्र वाचलं आणि म्हणाली, रेकॉर्डिंग मागवू नकोस. हल्लीचे मोबाईल मोठ्या आवाजाला गोंगाट समजतात आणि तो कापून बारीक करतात. तुमचा आवाज तर ते मुळीच राहू देणार नाहीत. तेव्हा रेकॉर्डिंग नको. तुम्हीच या. खरं म्हणजे पहिल्या ओळीपासून मला हेच लिहायचं होतं. मध्ये ते बाकीचं सगळं कसं आलं कळत नाही.

ता.क. दुसरा. काकासाहेब गेल्यापासून इथल्या घराचं कुलूप उघडायला तुमचा हात होत नाही, हे मला ठाऊक आहे. घर उघडू नका. आमच्याकडे उतरा. सोफा जुनाच आहे, तुमच्या ओळखीचा. गच्ची मात्र तुमचीच लागेल, तिच्या जिन्याला बाहेरून वाट आहे, आणि गुडघ्यासाठी सार्थक आहे. तुम्ही त्याला झाडावरून उतरवायचात, तो तुम्हांला गच्चीवर चढवेल.

ता.क. तिसरा, आणि हा मेघाला दाखवलेला नाही. तिचा नंबर लागल्याचं तिला कसं कळलं ठाऊक आहे? आम्ही हंडे भरत होतो. तिच्या खिशात मोबाईल थरथरला. तिनं ओला हात पुसून पाहिलं, मला दाखवलं, आणि पुन्हा पाइप धरला. गल्लीत कुणालाही काही ऐकू आलं नाही. एवढी मोठी गोष्ट झाली आणि मोटरचा आवाजसुद्धा बदलला नाही. मला ते सहन झालं नाही, आत्या. त्या दिवसापासून मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तिलाही सांगू दिलेलं नाही. तिला वाटतं मी नजर लागेल म्हणून गप्प आहे. आपल्या घरात असलं काही मानत नाहीत, तू शिक्षिका आहेस, असं म्हणून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. नाही तर नाही.

तुम्ही गच्चीवर गेलात की आधी माझ्या नावानं ओरडा, ते मालिकेसाठी. मेघा ते धरून घेईल. मग ती कानावरचा हेडफोन काढेल. तो काढेपर्यंत थांबा. नंतर तिचं नाव घ्या, आणि पुढचं तुम्हांला येतंच.

मुक्ताबाई रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन विचारतात, "पोरीचं काय झालं गं?" आणि मी जाईची फुलं वेचत "बघू" म्हणते. आत्या, माझ्यानं फार दिवस निभणार नाही. लवकर या.